धुरा तिथंच असतो

"मामा, डिस्क पूर्ण रिकामी दाखवून राह्यली!" अकोल्याहून भाच्याचा फोन. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज होतंच. त्याच्या शेजारी लिनक्सही बसवावं म्हणून त्यानं पेनड्राइव्ह लावला होता. इन्स्टॉलरनं ५०० जीबीची अख्खी डिस्क एका करड्या पट्टीत दाखवली, वर एकच शब्द: 'अनअलोकेटेड'. घाबरून त्यानं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर विंडोज रोजच्यासारखं उघडलं. सी, डी, ई सगळे ड्राइव्ह जागच्या जागी. ईमधले आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटोही. "आता असं काहून?" मी अमरावतीत. म्हटलं, काही दाबू नको, रविवारी येतो.

डिस्कवर भिंती वगैरे काही नसतात. असतो तो एक कागद, आपल्या सातबाऱ्यासारखा. कोणता हिस्सा कोणत्या सेक्टरपासून सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हा कारंजा, रिसोड जागचे तसूभर हलले नाहीत, दप्तर तेवढं बदललं. पार्टिशनचंही तसंच. शेत जमिनीवर, धुरा कागदावर.

हा कागद किती लहान असावा? १९८३ च्या डॉस २.० पासून चालत आलेल्या एमबीआर पद्धतीत सगळा कारभार पहिल्या सेक्टरच्या ५१२ बाइटांत उरकलेला आहे. त्यातले ४४६ संगणक सुरू करणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामचे, ६४ हिश्शांच्या नोंदींचे, शेवटचे २ सहीशिक्क्याचे. एका नोंदीला १६ बाइट, म्हणजे हिस्से चारच. पाचवा हवा असेल तर एका हिश्शाला 'एक्स्टेंडेड' ठरवायचं आणि त्याच्या आत पोटहिस्से पाडायचे. शिवाय सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिटांचीच जागा, त्यामुळे २.२ टीबीच्या पुढची डिस्क या कागदावर मावतच नाही. नव्या मशीनवरची जीपीटी पद्धत शहाणी आहे: साधारण १२८ नोंदींची सोय, चूक पकडणारी बेरीज आणि डिस्कच्या शेवटी दुसरी प्रत. भाच्याचं मशीन मात्र जुन्या वळणाचं.

रविवारी पोचल्यावर आधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू केलं आणि जीपार्टेडसारखी रंगीत पट्ट्यांची खिडकी न उघडता नोंदी आकड्यांत काढून बघितल्या. चूक तिथंच सापडली. ५०० जीबीच्या डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून शेवटच्या सेक्टरचा क्रमांक येतो ९७,६७,७३,१६७. एक्स्टेंडेड हिस्सा मात्र …१६८ वर संपत होता. कधीतरी कुठल्यातरी प्रोग्रामनं एक आकडा जास्त धरला आणि हिस्सा डिस्कच्या हद्दीबाहेर एका सेक्टरनं सरकला.

विंडोज हा सैल पटवारी. एका सेक्टरची गोष्ट, चालवून घेतो. लिनक्सच्या इन्स्टॉलरमागचं लिबपार्टेड अतिशय कडक: हिस्से एकमेकांवर चढलेले दिसले किंवा हद्दीबाहेर गेलेले दिसले की ते एक नोंद नाकारून थांबत नाही, अख्खा कागद बाजूला ठेवतं. मग जमीन पडीक दिसते. मला हा कडकपणा मान्य आहे. दाखवण्याची पद्धत मान्य नाही. 'कागद चुकलाय' असं सांगायच्या ठिकाणी 'जागा रिकामी' असं सांगणं म्हणजे माणसाला खड्ड्याकडे बोट दाखवणं. भाच्यानं त्या करड्या पट्टीवर नवा हिस्सा पाडला असता तर फोटो खरंच गेले असते.

हात लावण्याआधी प्रत. ईमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायला दीड तास लागणार होता. तेवढ्यात ताईची पाटवडी झाली आणि भाच्याचे प्रश्न सुरू झाले. लिनक्स बसवल्यावर त्याचा हिस्सा विंडोजमध्ये दिसेल का?

मी येताना गाडी मूर्तिजापूरला थांबली होती, त्याचीच आठवण दिली. तिथं १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला ७६२ मिलिमीटरची अचलपूरकडची छोटी गाडी, शकुंतला, येऊन मिळायची. रूळ दोन्हीकडे होते, पण मोठ्या लाइनीची गाडी अचलपूरला जाऊ शकत नव्हती. विंडोजची लाइन एनटीएफएस, १९९३ पासूनची. लिनक्सची बहुधा ईएक्सटी-४, २००८ ची. लिनक्सला दोन्हींवर चालता येतं, विंडोजला स्वतःहून ईएक्सटी-४ वाचता येत नाही. तो हिस्सा समोर आला की विंडोज कधीकधी नम्रपणे विचारतं, वापरण्याआधी फॉरमॅट करायचं का? तिथं 'हो' दाबून कित्येकांनी आपलं लिनक्स घालवलंय.

उलटी तक्रारही येते. लिनक्समधून डी ड्राइव्ह दिसतो पण त्यावर लिहू देत नाही. कारण बहुतेक वेळा 'फास्ट स्टार्टअप': विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे अर्धवट झोप, आणि झोपलेल्याचं कपाट लिनक्स उचकटत नाही. ती सोय बंद केली की भागतं. ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ आकडी किल्ली आधी शोधून ठेवावी. काही लॅपटॉपवर इंटेलच्या आरएसटी व्यवस्थेमुळे लिनक्सला एसएसडी मुळी सापडतच नाही.

"आणि नोंदच पुसली गेली तर?" तर सेक्टर जागेवर असतात. टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्राम डिस्कभर फिरून जुन्या हिश्शांच्या खुणा शोधतो आणि कागद पुन्हा लिहून देतो. एसएसडीवर मात्र वेळ कमी. फॉरमॅट झालं की 'ट्रिम' आज्ञा जाते आणि ड्राइव्ह आतून ती जागा खरोखर साफ करायला घेतो.

प्रत झाली. नोंदींची नक्कल एका साध्या मजकूर फाइलमध्ये काढून ठेवली. जेमतेम दहा ओळी. एक्स्टेंडेडच्या लांबीतून एक वजा केला. आतला ई ड्राइव्ह त्याच्या अलीकडेच संपत होता, त्याला धक्का नव्हता. कागद परत लिहिला, मशीन पुन्हा चालू केलं, इन्स्टॉलर उघडला. करड्या पट्टीच्या जागी रंगीत हिस्से ओळीनं उभे.

भाच्यानं ई थोडा लहान करून लिनक्सला ६० जीबी दिले. या वेळी 'पुढे' दाबण्याआधी त्यानं आकडे वहीत उतरवून घेतले, शेवटचा सेक्टर दोनदा मोजून.