पायात मोडलेला काटा

मुलांनो, अनवाणी खेळताना तुमच्या पायात कधी बाभळीचा काटा मोडला आहे का? मोडला असेल, तर पुढे काय होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि ठणकू लागते. कधी तेथे पूही धरतो. मग आई म्हणते, "पिकलं वाटतं!" पण पिकले म्हणजे नेमके काय झाले?

गुलाबाचा काटा

1882 साली इटलीतील मेसिना या गावी मेचनिकोव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ राहत होते. त्यांनी तारामाशाची अगदी चिमुकली, काचेसारखी पारदर्शक पिल्ले घेतली आणि त्यांच्या अंगात गुलाबाचे बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो काय! काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडाच पडला होता. बाहेरून आत घुसलेल्या वस्तूला खाऊन टाकण्यासाठी त्या धावून आल्या होत्या.

तुमच्या रक्तातही असे शिपाई आहेत. त्यांना आपण पांढऱ्या पेशी म्हणतो. मोठ्या माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण 4,000 ते 11,000 असतात. काट्याबरोबर जीवाणू आत शिरले, की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात. जास्त रक्त येते, म्हणून जागा लाल आणि गरम होते. रक्तातील पाणी व पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात, म्हणून सूज येते. या पेशी जीवाणूंना गिळतात आणि लढता लढता स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या शिपायांचा आणि जीवाणूंचा ढीग!

काही पांढऱ्या पेशी आणखी एक हत्यार तयार करतात. त्याला प्रतिपिंड म्हणतात. एका जातीच्या जंतूवर तयार झालेले प्रतिपिंड त्याच जातीला घट्ट चिकटते. ते तयार व्हायला काही दिवस लागतात, पण एकदा ओळख पटली, की शरीर ती बहुधा विसरत नाही. लस टोचून आपण ही ओळख आधीच करून देतो. काटा लागल्यावर डॉक्टर धनुर्वाताच्या लसीची चौकशी करतात, ती यासाठीच.

पाच दिवसांचे औषध

पण शिपाई हरले तर? 1941 साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा एक पोलीस रुग्णालयात पडून होता. जीवाणू त्याच्या चेहऱ्यावर, डोक्यात आणि फुप्फुसांत पसरले होते. एक डोळा काढावा लागला होता. 12 फेब्रुवारीला डॉक्टरांनी त्याला एका नव्या औषधाचे इंजेक्शन दिले. ते होते पेनिसिलीन. फ्लेमिंग यांना 1928 मध्ये एका बुरशीत ते आढळले होते आणि फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या कष्टाने ते शुद्ध केले होते.

एका दिवसात ताप उतरू लागला. रोगी जेवू लागला. पण पाचव्या दिवशी औषध संपले! जगात ते दुसरीकडे कोठे मिळण्यासारखे नव्हते. रोग्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलीन गाळून पुन्हा टोचले, तेही पुरले नाही. शरीरात उरलेल्या जीवाणूंनी पुन्हा डोके वर काढले आणि 15 मार्च रोजी तो बिचारा मरण पावला.

पुढे पेनिसिलीन मोठ्या प्रमाणावर बनू लागले. आपल्या पुण्याजवळच्या पिंपरी येथील कारखान्यातही 1955 पासून त्याचे उत्पादन सुरू झाले.

औषध काय करते?

जीवाणूच्या पेशीभोवती एक भक्कम भित्तिका असते. पेनिसिलीन ती भित्तिका नीट बांधू देत नाही. मग वाढणारा जीवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भित्तिका नसते, म्हणून त्या सुखरूप राहतात. सर्दी मात्र विषाणूंमुळे होते आणि विषाणूंनाही भित्तिका नसते. मग सर्दीवर पेनिसिलीन घेऊन काय उपयोग?

टेट्रासायक्लिनसारखी काही औषधे तर जीवाणूंची फक्त वाढ थांबवतात. त्यांना संपवण्याचे काम तुमच्या पांढऱ्या पेशीच करतात. औषध म्हणजे सेनापती नव्हे, तर मदतीला आलेली कुमक!

पण शत्रूही शहाणा होतो, बरे का! लाखो जीवाणूंत एखादा असा निघतो, की जो पेनिसिलीन तोडणारे विकर बनवतो. औषध येताच बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. औषध कमी घेतले तर जीवाणू असे निर्ढावतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी 1945 मध्येच दिला होता. तो खरा ठरला. त्या काळी पेनिसिलीनने हटकून मरणाऱ्या काही जीवाणूंवर आज त्याचा बहुधा काहीच परिणाम होत नाही.

म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितल्याप्रमाणे आणि सांगितले तितके दिवस घ्या. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. उरलेली गोळी मित्राला देऊ नका. अलेक्झांडरचे औषध संपले, तेव्हा डॉक्टरांचा नाइलाज होता. आपल्यापाशी औषध असूनही ते आपल्या निष्काळजीपणामुळे निकामी झाले, तर दोष कोणाला द्यायचा?

आणि पुढच्या वेळी काटा मोडलाच, तर तो स्वच्छ सुईने वडीलधाऱ्यांकडून काढून घ्या आणि जागा साबणाने धुवा. बाकीचे शिपाई तेथे केव्हाच पोहोचलेले असतील!