घरचा संगणक, भाग ११ : निघणारी डिस्क

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. पुरणाची भांडी घासून लोक दमून झोपले होते. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथल्या तळमजल्यांत शिरली. बर्डीच्या मोरभवन स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. पुढचे कित्येक दिवस रस्त्याच्या कडेला गाद्या, फ्रिज आणि चिखल चढलेले सोफे पडून होते.

माझा एक मित्र त्याच पट्ट्यात तळमजल्यावर राहतो. त्याचा संगणक टेबलाखाली होता, म्हणजे आधी तोच बुडाला. मी भीतभीतच बॅकअपचं विचारलं. "होता ना," तो म्हणाला, "दर महिन्याला घेत होतो, न चुकता. वेगळी डिस्क आणली होती त्याच्यासाठी." ती कुठे ठेवली होती? त्याच टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणात.

गेल्या आठवड्यात बॅकअप कशाकशाचा घ्यायचा ते पाहिलं. आज तो कशावर घ्यायचा ते पाहू. माझं मत आधीच सांगून टाकतो: कॅबिनेटच्या तोंडाशी बसणारी, हाताने ओढून काढता येणारी हार्ड डिस्क. एक नव्हे, दोन. आणि त्यातली एक कायम घराबाहेर.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६२ मध्येच १३११ नावाचा ड्राइव्ह आणला होता. त्यातली चकत्यांची चळत डब्यासारखी उचलून दुसऱ्या यंत्रात बसवता यायची आणि तिच्यात वीस लाख अक्षरं मावायची. आमच्या पिढीची ओळख झाली ती मात्र आयोमेगाच्या झिप ड्राइव्हशी. तो १९९५ मध्ये बाजारात आला. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे त्या काळात याच्या एका जाडसर चकतीत १०० एमबी मावायचे. नागपुरात मी तो पहिल्यांदा डीटीपीवाल्यांकडे पाहिला. लग्नपत्रिकांची आणि दिवाळी अंकांची पानं त्या निळ्या चकतीत घालून माणूस सायकलवर फिल्म काढायला जायचा. पुढे या ड्राइव्हना एक रोग जडला. आतून टिक टिक असा आवाज यायला लागला की चकतीवरचं सगळं गेलंच म्हणून समजायचं. अमेरिकेत १९९८ मध्ये त्यावरून ग्राहकांनी कंपनीवर दावा लावला.

त्यानंतर आले चावीचे रॅक. जुन्या आयडीई डिस्कसाठी प्लास्टिकचा खण असायचा, पुढे एक छोटंसं कुलूप. चावी फिरवली की डिस्कला वीज मिळायची, उलट फिरवली की बंद. ही चावी म्हणजे शोभा नव्हती. आयडीई डिस्क चालू संगणकातून उपटली तर डिस्क आणि मदरबोर्ड दोन्ही जायची भीती असायची. म्हणून आधी संगणक बंद करायचा, मगच चावीला हात लावायचा.

आजच्या सॅटा डिस्कची ही कटकट मिटली आहे, आणि कारण मजेशीर आहे. सॅटाच्या वीज जोडणीतले सगळे पट्टे एका लांबीचे नसतात. अर्थचे काही पट्टे किंचित पुढे आलेले असतात. डिस्क आत सरकवताना पहिला स्पर्श त्यांचा होतो आणि काढताना शेवटचा तेच सोडतात. त्यामुळे चालू संगणकातही डिस्क घालता-काढता येते. मात्र दोन अटी आहेत. बायोसमध्ये सॅटा एएचसीआय पद्धतीवर असायला हवं, आणि त्या पोर्टपुढचा हॉट प्लगचा पर्याय चालू करायला हवा. तो बहुधा बंदच असतो.

बर्डीवर रॅक मागायला गेलो तेव्हा काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, हे आता कोण घेऊन राह्यलं? मोठा पेन ड्राइव्ह घ्या ना." त्याचं अगदीच चूक नाही. गाणी, सिनेमे इकडून तिकडे न्यायला पेन ड्राइव्ह उत्तम. पण त्यातली माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठवलेली असते आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर तो भार हळूहळू झिरपून जातो. शिवाय पेन ड्राइव्ह कधी मान टाकेल याची आगाऊ सूचना क्वचितच देतो. हार्ड डिस्क निदान कुरकुर तरी करते.

रॅक घेताना आधी घरचं कॅबिनेट नीट पाहून घ्या. पुढच्या बाजूला डीव्हीडी रायटरची सव्वापाच इंची खाच असेल तर तिथेच रॅक बसतो. रायटर आता कोणी वापरत नाही, तो खुशाल काढा. हल्लीच्या काचेच्या कॅबिनेटना ही खाचच नसते. असं कॅबिनेट असेल त्यांनी यूएसबीचा डॉक घ्यावा. टोस्टरमध्ये ब्रेड घालतो तशी त्यात डिस्क उभी बसते. तो निळ्या पोर्टलाच लावा. जुन्या काळ्या यूएसबी २ पोर्टवर सेकंदाला जेमतेम ३०-४० एमबी जातात, म्हणजे ५०० जीबीला चार तास. निळ्या पोर्टवर तेच काम साधारण सव्वा तासात उरकतं.

रॅकचे दोन भाग असतात: कॅबिनेटमध्ये कायम राहणारी चौकट आणि डिस्क घेऊन आत-बाहेर करणारी कॅडी. प्लास्टिकची कॅडी स्वस्त मिळते, पण नागपुरात ॲल्युमिनियमचीच घ्या. कारण पुढे येईलच.

बसवायला पाऊण तास पुरतो. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. हा सल्ला पुस्तकात वाचून लोक हसतात, पण एप्रिल-मेमध्ये इथली दुपारची हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा सदरा काढताना ठिणग्या उडतात. हीच ठिणगी मदरबोर्डवर उडाली तर दिसतही नाही आणि महिन्याभराने संगणक कारण नसताना अडखळू लागतो. पावसाळ्यात मात्र याची फारशी धास्ती नको.

पेचकस हातात घेतलात की एक गोष्ट लक्षात ठेवा, इथे भलेभले फसतात. चौकट खाचेत बसवायचे स्क्रू बारीक आट्यांचे एम ३ असतात. साडेतीन इंची हार्ड डिस्क कॅडीत बसवायचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. दिसायला दोन्ही भावंडंच. जाड स्क्रू बारीक आट्यांत जोराने फिरवला की आटे मरतात आणि मग चौकट जन्मभर खुळखुळते. स्क्रू बोटांनी दोन-तीन फेरे सहज फिरला तरच पेचकस लावा.

चौकटीच्या पाठीला दोन जोडण्या असतात. माहितीची सॅटा केबल मदरबोर्डला जाते आणि विजेची एसएमपीएसला. एसएमपीएसला सॅटाचं तोंड शिल्लक नसेल तर दुकानदार जुन्या चार पिनी तोंडावरून सॅटा काढणारा जोड देतो. ज्याचं तोंड साच्यात ओतलेलं, एकजीव प्लास्टिकचं असतं, असा जोड घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींना टेकून असे जोड जळाल्याची उदाहरणं जगभर आहेत. तारा एकेक करून दाबून बसवलेला जोड घ्या, नाहीतर एसएमपीएसच बदला.

नवी कोरी डिस्क पहिल्यांदा घातली की विंडोजमध्ये ती दिसतच नाही आणि लोक दुकानात भांडायला जातात. डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे ती असते. एमबीआर की जीपीटी असं विचारलं तर जीपीटी निवडा. एमबीआरला दोन टीबीच्या पुढचं मोजता येत नाही. फॉरमॅट एनटीएफएस. एफएटी ३२ मध्ये चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, म्हणजे लग्नाचा अखंड व्हिडिओ तिथेच अडकतो. डिस्कला नाव द्या, ते देवनागरीतही देता येतं. माझ्या दोन डिस्कची नावं 'संत्रा' आणि 'मोसंबी' आहेत. कॅडीवर त्याच रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, त्यामुळे आत कोणती आहे हे घरात कोणालाही सांगता येतं.

इथे मराठी घरांसाठी एक खास सूचना. वडिलांचे लेख, आईच्या पाककृती, मंडळाचे अहवाल जुन्या श्री-लिपीत किंवा आकृतीत टाइप केलेले असतील तर नुसत्या फाइली घेऊन भागणार नाही. विंडोजला देवनागरी कळायला लागली ती विंडोज २००० पासून. त्याआधीच्या, आणि नंतरही बरीच वर्षं टाइप झालेल्या मजकुरात अक्षर दिसतं मराठी, पण आत साठलेलं असतं इंग्रजी चिन्ह. फॉन्टने त्यावर नुसता मराठी चेहरा चढवलेला असतो. फॉन्ट गेला की मजकूर उघडतो, पण वाचता येत नाही. म्हणून फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि शक्य असेल तर महत्त्वाच्या मजकुराची एक पीडीएफही करून ठेवा.

आता ॲल्युमिनियमच्या कॅडीचं कारण: उष्णता. बाहेरून जोडायच्या बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकावर वापरासाठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे मे २०१३ मध्ये ४७.९ नोंदलं गेलंय. मे २०२४ च्या अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर गवगवा झाला. नंतर हवामान खात्याने खुलासा केला की ती नोंद यंत्रातल्या दोषाची होती. म्हणजे तापमान मोजणाऱ्या यंत्राचीही इथे धडगत नाही! बंद खाचेतली डिस्क खोलीपेक्षा सहज दहा-पंधरा अंश जास्त तापते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम तिचं तापमान दाखवतो. आकडा पन्नाशीच्या आत हवा. नवतपात बॅकअप पहाटे घ्या, दुपारी दोनला नको. आणि कूलर. खोलीत कूलर लागतोच, पण त्याचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. ओल्या वाळ्यातून आलेली हवा आपल्याला सुखाची, पण तिच्यातले बारीक तुषार आणि धूळ मिळून आत लेप बसतो. वर्षाअखेरीस मदरबोर्डवर तो हिरवट होऊन दिसतो.

बॅकअप संपला की डिस्क काढायची. यूएसबी डिस्कसाठी विंडोज १० ने २०१८ पासून नियम सैल केला, म्हणजे लिहायचं राहिलेलं फार काळ स्वतःकडे दाबून ठेवत नाही. पण सॅटाच्या रॅकमधली डिस्क विंडोजच्या लेखी घरातलीच, तिला ही सवलत नाही. आधी 'इजेक्ट' करा. तो पर्याय दिसत नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती 'ऑफलाइन' करा. मग कॅडी बोटभर बाहेर ओढा आणि थांबा. आतल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांनी फिरत असतात, त्या थांबायला पंधरा-वीस सेकंद लागतात. थांबण्याआधीच हातात घेतली तर भोवऱ्यासारखी मनगटाशी झटापट करते. तो खेळ करून बघू नका.

आणि ती खरोखर काढाच. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरच्या संगणकांतल्या फाइलींना कुलपं घातली, तेव्हा जोडून ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्कही सुटल्या नाहीत. रॅकमध्ये बारा महिने तेरा काळ बसलेली डिस्क ही निघणारी डिस्क नव्हेच. तो फक्त महागडा खण झाला.

मित्राची डिस्क पुढे परत मिळाली का, हे विचाराल. साध्या हार्ड डिस्कला एक बारीक भोक असतं, आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. 'हे झाकू नका' असं शेजारी लिहिलेलंही असतं. पुराचं पाणी तिथूनच शिरतं. त्याने डिस्क उन्हात वाळवली, तांदळाच्या डब्यात पुरली आणि आठव्या दिवशी जोडून पाहिली. तिन्ही गोष्टी चुकल्या. चिखलाचं पाणी आत वाळलं की त्याची खर चकतीला चिकटते, आणि वीज दिली की चकतीच्या अगदी लगत, काही नॅनोमीटरवर तरंगणारं हेड तिच्यावर घासतं. अशी डिस्क पुसूसुद्धा नये. ओली आहे तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावी आणि डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेत न्यावी. तिथेही खात्री कोणी देत नाही, बिल मात्र नक्की येतं. त्याच्या डिस्कवरचं काहीच आलं नाही. मुलीच्या बारशाचे फोटो बहिणीच्या फोनमध्ये निघाले, तेवढेच.

आता त्याच्याकडेही रॅक आहे. एक डिस्क घरी, पण वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, आणि दुसरी सासुरवाडीला मनीषनगरात. माझी 'मोसंबी' बहिणीकडे असते, चिवड्याच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात, जुन्या सुती पंच्यात गुंडाळून. दर पंधरवड्याला रविवारी जेवायला गेलो की 'संत्रा' ठेवून 'मोसंबी' घेऊन येतो. परवा बहिणीने फोन करून विचारलं, "दादा, दिवाळीचा चिवडा करायचाय, डबा कधी रिकामा करतोस?"

पुढच्या आठवड्यात यूपीएसची बॅटरी.