गिरगावातलं जुनं मशीन

सकाळी १०.३०. लॅमिंग्टन रोडवर शटरं नुकतीच वर गेलीत. दुकानदार वाय-फाय ६ चं कार्ड पुढे करतो. त्यावरच्या इंटेलच्या चिपला विंडोज ७ चा ड्रायव्हरच नाही, म्हणून मी आधीच्या पिढीचं साधं पीसीआय एक्सप्रेस कार्ड मागतो. लांब वायरीचा अँटेनाही घेतो.

११.३०. गिरगावातल्या चाळीत एका काकांचं डीटीपीचं काम. काका अजून कोअर टू ड्युओवर पत्रिका लावतात, कारण श्रीलिपीचे जुने फॉन्ट आणि पेजमेकरच्या फायली त्यावरच धड उघडतात. राउटर बाहेरच्या खोलीत, मध्ये जाडजूड दगडी भिंत. तिला भोक पाडायला मालक तयार नाही आणि दारावरून नेलेली केबल उंदरांनी खाल्ली.

१२.००. प्लग काढला, बटण दाबून उरलासुरला करंट घालवला, ब्लोअर मारला. लहान स्लॉट मोकळाच होता. कार्ड बसलं, स्क्रू लागला.

१२.२०. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणला होता. नसता तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंगवर उतरवता आला असता. आता रेंज, आणि खरं काम तिथेच. कार्डाच्या पाठीला चिकटलेले अँटेने लोखंडी कॅबिनेटच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात दडतात. जेमतेम एक दांडी. वायरीचा अँटेना कपाटावर ठेवला, तीन दांड्या. लोक महागड्या कार्डावर पैसे घालतात, या वायरीवर घालत नाहीत. बँड २.४ गिगाहर्ट्झचाच घेतला. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो.

१.१५. नाव दिसतं, जोडणी होत नाही. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर होता आणि विंडोज ७ ला ते येत नाही. डब्ल्यूपीए२ केलं, जोडलं गेलं. मग वडापाव.

२.३०. "आता मेल इथूनच करतो," काका म्हणाले.

"नको काका. या विंडोजचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत. पीडीएफ बाहेरच्या खोलीतल्या लॅपटॉपवर टाका, मेल तिथून."

थोडी कुरकुर झाली. लॅपटॉपवर शेअर फोल्डर केला आणि राउटरमध्ये या मशीनचं इंटरनेट बंद केलं. भल्यामोठ्या पत्रिकेची पीडीएफ पाठवून पाहिली, पोचली.

४.००. पुढचा कॉल दादरला. तिथे स्लिम कॅबिनेट आहे, म्हणून कार्डाची आखूड पट्टी बॅगेत आहे का, ते जिन्यातच तपासलं.