गीरच्या कडेचे सिद्दींचे गाव : जांबूर

गुजरातमधील गीर सोमनाथ जिल्ह्यात, सिंहांच्या जंगलाला लागून, तालाला तालुक्यात जांबूर हे गाव आहे. इथले बहुसंख्य रहिवासी सिद्दी आहेत. पूर्वज पूर्व आफ्रिकेतले, घरची बोली गुजराती आणि धर्म इस्लाम, अशी या गावाची जडणघडण आहे.

मराठी वाचकाला सिद्दी हा शब्द जंजिऱ्यामुळे ठाऊक असतो. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर मूळचा इथिओपियातला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे जाफराबादही जंजिऱ्याच्या सिद्दींच्याच ताब्यात होते. आफ्रिकेतून माणसे भारतात आली ती अनेक वाटांनी आणि अनेक शतकांत. कुणी खलाशी होते, कुणी शिपाई. पण अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी गुलाम म्हणून आणलेल्यांची संख्या मोठी होती. सौराष्ट्रात त्यांच्यापैकी कित्येकजण जुनागढसारख्या संस्थानांच्या चाकरीत राहिले.

2011 मध्ये गुजरात आणि कर्नाटकातील सिद्दींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या वारशात आफ्रिकी वाटा सुमारे 60 ते 75 टक्के असल्याचे त्यात आढळले. उरलेला वाटा मुख्यतः भारतीय. इतक्या पिढ्या लोटूनही हा वारसा टिकला, याचे मोठे कारण म्हणजे लग्ने बहुधा समाजातच होत राहिली.

जांबूरच्या मध्यवर्ती श्रद्धास्थानाचे नाव नगारची पीर. त्यांच्या दर्ग्याशी जोडलेली धमाल ही सिद्दींची ओळख. उंच मुगरमान आणि गळ्यात अडकवलेला मुसिंडो हे ढोल वाजू लागतात, मोरपिसे खोवलेले नर्तक ठेका धरतात आणि लय टिपेला पोचली की एखादा नारळ उंच फेकून तो खाली येताना डोक्यावर फोडतो. आज पर्यटकांसमोर होणाऱ्या या नाचाचे मूळ पिराच्या भक्तीत आहे.

सरकारी दप्तरात मात्र एकाच समाजाचे दोन भाग पडतात. सौराष्ट्रातील ठरावीक जिल्ह्यांतले सिद्दी अनुसूचित जमातीत मोडतात. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या प्रसिद्ध बावा गोर दर्ग्याभोवती राहणाऱ्या सिद्दींना तो दर्जा नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचा समावेश 2003 मध्ये झाला. तिकडे हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे सिद्दी आहेत.

जांबूरच्या पोटापाण्याचा आधार मोलमजुरी. तालाला परिसर केसर आंब्याचा; पण बागेत राबणारे हात आणि बागेची मालकी यांत अंतर आहे. हे अंतर कमी करायला इथल्या बायकांना बळ दिले ते हिरबाईबेन लोबी यांनी. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेल्या हिरबाईबेनना आजीने वाढवले. रेडिओवरून शेतीची माहिती मिळवत त्यांनी सेंद्रिय खताचे काम उभे केले, सिद्दी महिलांना संघटित केले, मुलांसाठी बालवाड्या काढल्या. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जांबूरला ‘मिनी आफ्रिका’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. आफ्रिकेचा वारसा खरा आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राबलेले हे लोक पक्के सौराष्ट्रवासी आहेत. सोमनाथ-सासणच्या सहलीला दरवर्षी असंख्य मराठी कुटुंबे जातात. जांबूरला गेलात तर धमालच्या कलावंतांना योग्य मानधन द्या, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका आणि आपण आपल्याच देशबांधवांच्या दारात उभे आहोत, हे लक्षात ठेवा.