लोणारचं गुलाबी पाणी कुणामुळे?

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला, तसे हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले होते. गुलाबी रंगद्रव्य त्यांचंच होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली हे जीव जिवाणूंसारखेच दिसतात. दोन्ही गट आदिकेंद्रकी. त्यांच्या पेशीत पटलाने वेढलेलं केंद्रक नसतं, तंतुकणिका नसतात. डीएनएचं बहुधा एकच वर्तुळाकार गुणसूत्र पेशीद्रवात असतं आणि पेशी दुभंगून प्रजनन होतं. आकार सहसा काही मायक्रोमीटर. म्हणूनच रॉबर्ट व्हिटेकर यांच्या १९६९ च्या पंचसृष्टी वर्गीकरणात हे सगळे ‘मोनेरा’ या एकाच सृष्टीत आले.

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रूपाऐवजी रेणूंकडे पाहिलं. रायबोसोममधला आरएनए प्रत्येक सजीव पेशीत असतो आणि अतिशय सावकाश बदलतो. त्यातल्या फरकांवरून दोन वंशांमधलं अंतर कळतं. त्यांनी तपासलेले मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव जिवाणूंपासून इतके दूर निघाले, की त्यांना वेगळी शाखा देणं भाग पडलं. १९९० मध्ये वूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवसृष्टीची तीन अधिक्षेत्रं मांडली: जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी (आपल्यासारखे, पेशीत केंद्रक असलेले). मिथेन निर्माण करणारे ते सूक्ष्मजीव आणि लोणारचे हॅलोआर्किया दोन्ही आर्कियात मोडतात.

हा भेद पेशीच्या बांधणीतही आहे. बहुतेक जिवाणूंच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन असतं. त्याच्या जाड-पातळ थरावरूनच ग्रॅम रंजनात ते जांभळे किंवा गुलाबी दिसतात. आर्कियात पेप्टिडोग्लायकन नसतंच. त्यांच्या पेशीपटलातले मेदरेणूही वेगळ्या रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. जनुकं वाचण्याची त्यांची यंत्रणा तर जिवाणूंपेक्षा आपल्या पेशींशी अधिक जुळते.

आर्किया फक्त खाऱ्या तळ्यांत किंवा उकळत्या झऱ्यांत राहतात असंही नाही. गाईच्या पोटात आणि गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तेच तयार करतात.

लोणारला २०२० मध्येच रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा दर्जा मिळाला. हे सरोवर जपायचं तर त्याचा खारटपणा आणि क्षारता दोन्ही जपायला हवीत. गावचं सांडपाणी त्यात मिसळत राहिलं, तर डोळ्यांना न दिसणारी ही जीवसृष्टी आधी बदलेल. संवर्धनाच्या आराखड्यात पक्ष्यांइतकंच या सूक्ष्मजीवांनाही स्थान द्यायला हवं.