डॉलरमधले बिबडे

आयुध निर्माणीच्या वसाहतीत वाढलेली मुलं शिकून पुण्याला आणि तिथून परदेशी गेली, तेव्हापासून वरणगावच्या घरांत डॉलरचा भाव विचारला जातो. पण तो मुलाने आईला पाठवलेला पैसा. विकलेल्या मालाचा डॉलर गावात यायला बराच काळ जावा लागला. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, काळा मसाला वेबसाइटवरून परदेशातल्या खानदेशी घरांना विकायचा, ही कल्पना सोपी होती. त्याचे पैसे हातात पडणं अवघड होतं. वरणगाव-भुसावळच्या काही गृहउद्योगांचे हिशेब मी जवळून पाहिले.

सुरुवातीला भाव रुपयांतच लिहिलेला असे. 2008 च्या आरंभी डॉलर चाळिशीच्या आत होता, त्याच वर्षाच्या अखेरीस पन्नाशीला टेकला. न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकाला 400 रुपयांचा मसाला जानेवारीत दहा डॉलरला पडे, वर्षाअखेर आठला. करणाऱ्या बाईच्या हाती मात्र तेच 400.

मग 2010 उजाडलं. हे पैसे ज्या ऑनलाइन मध्यस्थामार्फत येत त्या पेपालने वर्षाच्या सुरुवातीलाच भारतातल्या वैयक्तिक रकमा थांबवल्या, खात्यातले पैसे बँकेत वळवणंही काही काळ बंद होतं. नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं: अशा मार्गाने एका व्यवहारात 500 डॉलरच घेता येतील. पुढच्या मार्चपासून पेपालच्या खात्यात पैसे ठेवून त्यातून खरेदी करणंही बंद झालं. आलेली रक्कम सात दिवसांत भारतीय बँकेत वळवायची. पापडाच्या पार्सलला 500 ची मर्यादा पुरत असे. भुसावळला बसून परदेशी कंपन्यांची वेबसाइट बनवणाऱ्या मुलांना मात्र एका बिलाचे तुकडे करावे लागत. ऑक्टोबर 2011 मध्ये मर्यादा 3,000 झाली, जून 2013 मध्ये 10,000.

सात दिवसांच्या त्या नियमाने लहान विक्रेत्याच्या हातून एक गोष्ट गेली: भाव चांगला मिळेपर्यंत थांबणं. रूपांतर कधी होणार हे नियम ठरवणार, कोणत्या दराने होणार हे मध्यस्थ ठरवणार. वर्तमानपत्रातला दर आणि खात्यात पडलेला दर यांत तीन-चार टक्क्यांचं अंतर असे, शिवाय मध्यस्थाचं शुल्क वेगळं. पार्सल फुटून पोहोचलं तर गिऱ्हाइकाला पूर्ण डॉलर परत, तेही त्या दिवशीच्या दराने. हे नुकसान कोणी भावात धरतच नव्हतं.

माझं मत या वर्षांत पक्कं झालं: भाव गिऱ्हाइकाच्या चलनात लिहावा, तो वर्षभर हलवू नये, आणि चढउताराची जबाबदारी विक्रेत्याने घ्यावी. ऑगस्ट 2013 मध्ये रुपया 68 च्या पुढे घसरला तेव्हा डॉलरमध्ये भाव लिहिलेल्यांच्या गाठीला चार पैसे लागले. 2015 मध्ये उडीद डाळ कडाडली, तेव्हा त्यांना पापडाचा परदेशी भाव वाढवावा लागला नाही. रोजच्या दराने आपोआप बदलणारा भाव ठेवणाऱ्यांची गिऱ्हाइकं मात्र विचारत राहिली, काल कमी होता, आज जास्त का?

आखाती गिऱ्हाइकांनी वेगळंच शिकवलं. दुबईचा दिरहम डॉलरला बांधलेला, 3.6725 ला एक डॉलर. तिथे डॉलरचा भाव दिला तरी चालतं. कुवेतचा दिनार 1,000 फिल्सचा. रुपयासारखे शंभर भाग धरून लिहिलेला प्रोग्रॅम तिथे दहापट रक्कम दाखवतो.

रावेर-यावलच्या केळीला पैसे आणण्याची ही अडचण नव्हती. जून 2021 मध्ये भौगोलिक मानांकन असलेली तांदलवाडीची केळी दुबईला निघाली, ती निर्यातदाराच्या कागदांवर, बँकेमार्फत. कंटेनरसाठी लागणारी ती सगळी यंत्रणा 40 डॉलरच्या डब्यासाठी उभी करणं कोणत्याही बचत गटाला परवडणारं नाही, आणि आयात-निर्यात कोड, रक्कम कशाची ते सांगणारा उद्देश कोड, पैसे आल्याचा बँकेचा दाखला तर दोघांनाही हवा. ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सीमापार रकमा हाताळणाऱ्या कंपन्यांना थेट आपल्या परवान्याखाली आणलं आणि मर्यादा नगामागे 25 लाख रुपये केली. देशी कंपन्यांना हे काम अधिक खुलं झालं, हा मला सगळ्यांत मोठा बदल वाटतो.

2025 मध्ये रूपांतराचा प्रश्न मागे पडला आणि जकातीचा पुढे आला. ऑगस्टअखेर अमेरिकेने लहान पार्सलांची करमाफी संपवली, भारतीय मालावर 50 टक्के जकात बसली, आणि आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवली. 15 ऑक्टोबरला ती पुन्हा सुरू झाली, दिवाळी पाच-सहा दिवसांवर असताना, आणि जकात इथेच आधी भरायची या अटीवर. माल, टपाल आणि जकात या तिन्ही रकमा वेबसाइटवर डॉलरमध्ये वेगळ्या दाखवायला हव्या होत्या. तेवढा वेळ उरला नव्हता. त्या दिवाळीत दुबई-कुवेतचे डबे आधी गेले, अमेरिकेचे नोव्हेंबरात.