दोन मोबाईल, दोन निकाल: बिनजोडचा फिनिश फोनवर का फसतो?

मागच्या सीझनला मामांची बैलजोडी पनवेलजवळच्या एका गावात बिनजोड शर्यतीत पळाली. बिनजोड म्हणजे दोनच गाड्या, एकास एक. दोन्ही गाड्या जवळजवळ एकदमच रेषेवर आल्या. निकाल मामांच्या विरोधात गेला आणि वाद पेटला. दोन्ही बाजूंकडे मोबाईलवर व्हिडिओ होता आणि प्रत्येकाच्या व्हिडिओत त्याचीच जोडी पुढे! एडिट कोणीच केलं नव्हतं. मामा म्हणाले, "तू इंजिनिअर ना? बघ आणि सांग." मी दोन्ही क्लिप दहा वेळा बघितल्या, पण सांगता आलं नाही.

कारण 1: तुम्ही कुठे उभे होता?

टेबलावर दोन बाटल्या शेजारी-शेजारी ठेवा, एक तुमच्या जवळ, एक लांब. बरोबर समोरून बघितलं तर एकीच्या मागे दुसरी लपते. आता डोकं थोडं डावीकडे न्या. जवळची बाटली उजवीकडे सरकलेली दिसेल. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात.

शर्यतीत तेच झालं. दोन्ही बाजूंची पोरं आपापल्या गाडीच्या कडेला, रेषेच्या चार-पाच फूट अलीकडे उभी होती. तिथून जवळची गाडी नेहमीच पुढे दिसणार. म्हणजे दोन्ही व्हिडिओ खरे, पण निकालासाठी दोन्ही बिनकामाचे.

कारण 2: फ्रेम रेट

समजा, जोडी ताशी 36 किलोमीटरने पळतेय, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. तुमचा फोन सेकंदाला 30 फोटो काढतो. मग दोन फोटोंच्या मध्ये जोडी 33 सेंटीमीटर पुढे जाते. नेमका रेषेला लागण्याचा क्षण या फटीत हरवू शकतो. स्लो मोशनमध्ये 240 फ्रेम ठेवल्या तर ही फट साधारण 4 सेंटीमीटरवर येते.

कारण 3: उजेड

संध्याकाळी उजेड कमी झाला की फोन प्रत्येक फोटोसाठी शटर जास्त वेळ उघडा ठेवतो. शटर 1/50 सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात जोडी 20 सेंटीमीटर सरकते. म्हणून तोंडाच्या जागी नुसता धूसर पट्टा दिसतो.

मोठ्या रेसमध्ये काय करतात?

अमेरिकेत नॅस्कार ही स्टॉक कार रेस आहे. मे 2024 मध्ये कॅन्सासच्या रेसमध्ये काइल लार्सन फक्त 0.001 सेकंदाने जिंकला. असे निकाल लावायला फोटो-फिनिश कॅमेरा लागतो. तो पूर्ण मैदान बघतच नाही, फक्त फिनिशच्या रेषेची एक बारीक उभी पट्टी बघतो, सेकंदाला हजारो वेळा. मग त्या पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवतो. फोनचा पॅनोरमा आठवा. तिथे फोन फिरतो, इथे गाडी पुढे सरकते. जी आधी आली ती चित्रात आधी दिसते, विषय संपला.

पुढच्या शर्यतीला एवढं करा

- फोन ट्रायपॉडवर, बरोबर रेषेच्या सरळ रेघेत लावा. शक्यतो दोन्ही टोकांना एकेक.
- स्लो मोशन 240 फ्रेमवर ठेवा. प्रो मोड असेल तर शटर 1/1000.
- व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी मरते.

हे एवढं महत्त्वाचं का?

पनवेल म्हटलं की शर्यतशौकिनांना विहीघरचे पंढरीशेठ फडके आठवतात. 2024 मध्ये ते गेले. आता माझ्या ग्रुपमधली निम्मी पोरं शर्यत यूट्यूब लाइव्हवरच बघतात आणि बकासुर, मथुर ही नावं त्यांना रील्समुळे माहीत आहेत. पुढचा प्रेक्षक स्क्रीनवरच बसणार. निकालावर त्याचा विश्वास बसला नाही तर तो अंगठ्याने पुढे स्क्रोल करेल.

आणि कॅमेरा फक्त निकालापुरता नाही. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या होत्या. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला कोर्टाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. बैलाला मारहाण, शॉक चालत नाही. तुमच्या फोनमध्ये फिनिशसोबत हेही रेकॉर्ड होतं. शर्यत टिकवायची असेल तर दोन्ही गोष्टी स्वच्छ दिसायला हव्यात.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे आपण हरलो असू पण शकतो." मग मला ट्रायपॉड घ्यायला पैसे दिले.